कॉलेजच्या आधी चूल पेटवणारे कर्मवीर

बारावीचा निकाल लागला की ग्रामीण भागातील लहान कॉलेजांचे प्राध्यापक गावोगाव फिरू लागतात. सांगोला असो, मंगळवेढा असो, करमाळा असो की अक्कलकोट, चौकाचौकात प्रवेशाचे फ्लेक्स लागतात, घरोघर पत्रके वाटली जातात. वर्ग भरला नाही तर तुकडी जाईल, तुकडी गेली तर कार्यभार जाईल आणि कार्यभार गेला तर नोकरी जाईल, ही या फिरण्यामागची धास्ती. त्या प्राध्यापकांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यातले कित्येक जण तासिका तत्त्वावर राबतात आणि मानधनाची वाट पाहत दिवस काढतात. परंतु विद्यार्थी शोधत खेडोपाडी हिंडणारा एक माणूस याच पश्चिम महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याला तुकडी वाचवायची नव्हती, त्याला मूल वाचवायचे होते. त्याचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

आमचे काही मित्र लगेच विचारतील, आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात भाऊरावांवर लेख कशासाठी? ते तर जन्माने जैन, त्यांच्या बोर्डिंगला नाव दिले गांधींनी, आणि त्यांच्या संस्थेत आज प्रस्थापित पुढाऱ्यांची ऊठबस. हे सारे खरे आहे. भाऊरावांचे राजकारण हे आमचे राजकारण नव्हते. पण माणसाचे मोजमाप त्याच्या नावाभोवती पुढे कोण गोळा झाले यावरून करायचे नसते, त्याने कोणाच्या पोराला आपल्या पंक्तीला बसवले यावरून करायचे असते. या कसोटीवर भाऊराव आमचेच ठरतात.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी त्यांचा जन्म झाला. मूळ घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला. घर खाऊनपिऊन सुखी, धर्माचे सोवळेओवळे कडक. या घरातल्या पोराने लहानपणीच अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा रहाट मोडून विहिरीत फेकल्याची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. त्याच सुमारास शाहू महाराजांच्या पाठबळाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. तिथल्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असा हुकूम झाला आणि भाऊरावांनी तो धुडकावला. परिणामी बोर्डिंगातून बाहेर! विचार करा, ज्या मुलाला शिवाशिवीच्या कारणावरून वसतिगृहातून काढले गेले, त्याच मुलाने पुढे सर्व जातींच्या मुलांना एकत्र जेवायला घालणारी वसतिगृहे उभी केली. त्यांचे औपचारिक शिक्षण मात्र तिथेच रेंगाळले. ते मॅट्रिकही झाले नाहीत. शाहू महाराजांचा सहवास हीच त्यांची शाळा ठरली.

आम्ही वकिली करतो, म्हणून त्यांच्या आयुष्यातील आणखी एका प्रसंगाची आठवण आम्हाला विशेष वाटते. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. अण्णासाहेब लठ्ठे यांना त्यात गोवण्याचा घाट घातला गेला आणि भाऊरावांनी लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दबाव आला. हे लठ्ठे कोण? तर ज्या जैन बोर्डिंगातून भाऊरावांना बाहेर काढले, त्याच बोर्डिंगाशी संबंधित असलेले गृहस्थ. सूड उगवायची आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंग पत्करला, छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. कोर्टाच्या आवारात रोज फिरणाऱ्याला अशा माणसाची किंमत अधिक कळते.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगराचा माल खपवत ते गावोगाव हिंडले. या फिरस्तीत त्यांना जो खेड्यापाड्यातला महाराष्ट्र दिसला, तो पुण्यातल्या दिवाणखान्यांतून कुणाला दिसला नव्हता. शाळा होती तिथे पोर पोहोचत नव्हते आणि पोर होते तिथे शाळा नव्हती. आणि शाळेपर्यंत पोहोचलेच एखादे पोर, तर ते जातीमुळे वर्गाबाहेर. असेच वर्गाबाहेर कुडकुडत बसलेले एक अस्पृश्य मूल भाऊरावांच्या नजरेस पडले. त्यांनी त्याला घरी आणले, जेवू घातले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन सोडले. ते मूल म्हणजे ज्ञानदेव घोलप. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले आणि त्याच वर्षी ते पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, तेव्हा 'मूकनायक'चे संपादकपद याच घोलपांकडे आले. पुढे ते मुंबई कायदेमंडळाचे सभासदही झाले. चळवळीच्या पहिल्या वृत्तपत्राची धुरा वाहणारा माणूस भाऊरावांनी हाताला धरून वसतिगृहात पोहोचवलेला होता, हे आमच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या सुमारास, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. त्यामागे सत्यशोधक समाजाची परंपरा होती, जोतिरावांचा वारसा होता. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि तिथे बोर्डिंग सुरू झाले. साताऱ्याचे हे नाव आमच्या काळजाला वेगळ्या कारणाने भिडते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचा प्रवेश झाला होता आणि त्याला इतर मुलांपासून वेगळे बसावे लागत होते. त्याच गावात २४ वर्षांनी महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची पोरे एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत खाऊ लागली. हा बदल कोणत्याही सरकारी ठरावाने झाला नव्हता.

तो झाला लक्ष्मीबाईंच्या हातांनी. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याने आणलेल्या नाना जातींच्या पोरांना पोटच्या लेकरांसारखे वाढवायचे म्हणजे आपल्याच संस्कारांशी भांडण होते. त्या ते भांडल्या आणि जिंकल्या. बोर्डिंगातले धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या गेल्या, तेव्हा संस्थेचे एकही कॉलेज निघालेले नव्हते. म्हणजे रयतच्या कॉलेजांचा पाया त्या बाईने घातला आणि तिला कळस दिसला नाही. रमाईंचा त्याग ज्यांना समजतो, त्यांना लक्ष्मीबाई वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधींच्या हस्ते या बोर्डिंगचे नामकरण झाले. नाव देणारे गांधी खरे, पण नाव कोणाचे? छत्रपती शाहूंचे! भाऊरावांच्या संस्थांची नावे एकदा ओळीने वाचून पाहावीत. शाहू बोर्डिंग, महाराजा सयाजीराव हायस्कूल, छत्रपती शिवाजी कॉलेज, सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मौलाना आझादांच्या नावाचे कॉलेज. कोणत्या देणगीदाराच्या वडिलांचे किंवा कोणत्या मंत्र्याच्या मातोश्रींचे नाव त्यात नाही. आजच्या शिक्षणसम्राटांच्या पाट्या याच्याशेजारी ठेवून पाहा, म्हणजे काय घडले आणि काय बिघडले ते समजेल.

१९३२ साली पुणे करार झाला. त्या कराराने आमच्या समाजाचे किती नुकसान झाले, हे या दैनिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. करारानंतर सवर्ण समाजाच्या पुढाऱ्यांनी अस्पृश्यता संपवण्याच्या मोठमोठ्या शपथा घेतल्या आणि त्यातल्या बहुतेक हवेत विरल्या. भाऊरावांनी त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. कराराबद्दल आमचे मत बदलत नाही, परंतु शपथेचे रूपांतर ताटात आणि पाटीत करणारा माणूस आम्ही विसरू शकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ग्रामीण भागातले कॉलेज वाढते कसे? भाऊरावांच्या कामाचा क्रम नीट पाहिला की याचे उत्तर सापडते. प्रथम वसतिगृह. त्यानंतर १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज. तिथून बाहेर पडलेले तरुण खेड्यांत गेले आणि चावडीत, देवळात, धर्मशाळेत त्यांनी व्हॉलंटरी शाळा भरवल्या. अशा शाळांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेही मोफत आणि निवासी. आणि या सगळ्यानंतर, जून १९४७ मध्ये, छत्रपती शिवाजी कॉलेज! म्हणजे वसतिगृहातून शिक्षक, शिक्षकातून खेड्यातली शाळा, त्या शाळेतून हायस्कूलचा विद्यार्थी आणि हायस्कूलमधून कॉलेज. कॉलेज उघडले तेव्हा विद्यार्थी शोधायला फ्लेक्स लावावा लागला नाही, कारण त्या कॉलेजचे विद्यार्थी भाऊराव २३ वर्षे घडवत होते.

शिवाजी कॉलेजात त्यांनी कमवा व शिका ही योजना राबवली. ज्याच्याकडे फी नाही त्याने शेतात राबावे, खडी फोडावी, इमारतीच्या कामावर हात लावावा आणि त्या श्रमावर शिकावे. यामागे दोन हेतू होते. एक म्हणजे गरिबाच्या पोराला कोणाच्या दयेवर शिकावे लागू नये. दुसरा हेतू आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा. या देशात अंगमेहनतीचे काम जातीने वाटून दिले होते आणि ते करणाऱ्याला हलके ठरवले होते. पाटलाचा पोरगा आणि महाराचा पोरगा एकाच खाणीवर घण घालू लागले, तेव्हा श्रमावर बसलेला जातीचा शिक्का पुसला जाऊ लागला. आज अनेक ठिकाणी कमवा व शिका म्हणजे गरीब विद्यार्थ्याकडून कार्यालयाची झाडलोट आणि फायलींची हमाली असा अर्थ झाला आहे. श्रीमंताचा मुलगा वर्गात आणि गरिबाचा मुलगा झाडू घेऊन व्हरांड्यात, हे भाऊरावांच्या योजनेचे विडंबन आहे.

आणि सरकार? स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, भाऊरावांनी सरकारवर केलेली टीका सहन न होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शाळा, वसतिगृहे, शेकडो शिक्षकांचे पगार, सारे टांगणीला लागले. भाऊराव माफी मागायला गेले नाहीत. ते लोकांकडे गेले. खेड्यापाड्यातल्या रयतेने धान्य दिले, वर्गणी दिली. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. रयतेच्या पैशावर चालणारे अनुदान ही सत्ताधाऱ्याची मेहेरबानी नाही, हा धडा यात आहे. १९५४ साली कराडला कॉलेज निघाले, त्याला गाडगेबाबांचे नाव दिले गेले.

गाडगेबाबांचे नाव निघाले की आमच्या सोलापूर जिल्ह्याचा विषय आपोआप येतो. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा नव्हता, म्हणून गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. ती धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. विठ्ठलाच्या दारात बांधलेली धर्मशाळा विद्येच्या कामी देऊन टाकणारा हा संत! एका हाताने त्यांनी बाबासाहेबांचे काम उचलले आणि दुसऱ्या हाताने भाऊरावांचे.

त्याही आधीची गोष्ट आहे. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने वसतिगृह कुठे उघडले? मुंबईत नव्हे, आमच्या सोलापुरात! ४ जानेवारी १९२५ रोजी. भाऊरावांचे साताऱ्यातील बोर्डिंग १९२४ चे आणि बाबासाहेबांचे सोलापुरातील वसतिगृह १९२५ चे. भाऊरावांचे पहिले कॉलेज १९४७ चे आणि बाबासाहेबांचे मुंबईतील सिद्धार्थ कॉलेज १९४६ चे, औरंगाबादचे मिलिंद १९५० चे. एक कोलंबिया आणि लंडनचा पदवीधर, दुसरा मॅट्रिक न झालेला. मार्ग वेगळे, राजकारण वेगळे, पण दोघांचाही क्रम एकच निघाला. आधी पोराच्या निवाऱ्याची आणि भाकरीची सोय, त्यानंतर दोन दशकांनी कॉलेज. हा योगायोग नाही. ज्याने उपाशी पोटाचा आणि बंद दाराचा विचार केला, त्याला हाच क्रम सुचतो.

आजच्या ग्रामीण कॉलेजांनी हा क्रम उलटा केला आहे. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित कॉलेजांचे धोरण आले आणि इमारत आधी, फी नंतर, विद्यार्थी सर्वांत शेवटी अशी रीत पडली. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ ही मोठीच गोष्ट. परंतु ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी पोरगी कॉलेजात टिकवायची, तर तिला विद्यापीठाच्या नावापेक्षा तालुक्याच्या गावी राहायला खोली, दोन वेळचे जेवण आणि एसटीचा पास लागतो. ती वर्गात आली नाही म्हणून तुकडी रिकामी राहते, आणि तुकडी रिकामी म्हणून कॉलेज बंद करण्याची भाषा सुरू होते!

कायदाही इथेच तोकडा पडतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण ६ ते १४ वर्षांपर्यंतच. त्यापुढे १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाप्रमाणे शासनाच्या आर्थिक कुवतीची मर्यादा येते. म्हणजे आठवीनंतर गरिबाचे पोर शासनाच्या मर्जीवर. उरते ती शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ मध्ये सुरू झाली. पण ती वेळेवर खात्यात येत नाही, आणि कॉलेज म्हणते आधी फी भरा, मग दाखला घ्या. अशी प्रकरणे घेऊन आमच्याकडे पालक येतात. एका मुलीचा दाखला फीपायी अडवून ठेवला होता, तो आम्ही नोटीस पाठवल्यावर सुटला. मुलगी हुशार, प्रश्न होता तो काही हजारांचा. नोटिशीने एक दाखला सुटतो. ज्या मुली आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांचे काय? वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली, ती चांगलीच आहे. परंतु खात्यात उशिरा पडणारे पैसे जूनमध्ये भाडे भरू शकत नाहीत आणि चुलीपाशी बसून अभ्यास घेणारी लक्ष्मीबाई तर कोणत्याच योजनेत बसत नाही.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. मॅट्रिक न झालेला माणूस डॉक्टर झाला. त्यांच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रयतची आज चारशेहून अधिक हायस्कुले आणि चाळीसहून अधिक महाविद्यालये आहेत. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाने विद्यापीठही झाले. एका चुलीपासून विद्यापीठापर्यंतचा हा विस्तार आहे. त्या संस्थेने स्वतःलाही विचारायला हवे की आज तिच्या पंक्तीत शेवटच्या माणसाचे पोर पहिल्या ताटावर आहे काय?

पण दुसऱ्याला विचारण्याआधी आम्ही आपल्यालाही विचारले पाहिजे. सोलापुरात १४ एप्रिलची मिरवणूक पाहायला दूरदूरची माणसे येतात, ते आमच्या अभिमानाचे आहे. परंतु ज्या शहरात बाबासाहेबांच्या संस्थेने १९२५ मध्ये वसतिगृह उघडले, त्या शहरात आमच्या मंडळांच्या बळावर आज किती पोरांची राहण्याची सोय होते? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका विद्यार्थ्याची किती महिन्यांची खानावळ भागेल, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा मांडून पाहावा. विहारे आमच्याकडे वस्तीवस्तीत आहेत. काही ठिकाणी त्यात अभ्यासिका चालतात, ते स्तुत्यच आहे. पण तालुक्याच्या गावी जे विहार आहे, त्याच्या मागच्या बाजूला चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर का उभे राहू नये? नोकरदार बांधवांनी महिन्याला एका मुलीच्या जेवणाचा भार का उचलू नये? आमच्या वकील मित्रांनी प्रवेशाच्या दिवसांत तालुक्याच्या कॉलेजबाहेर टेबल टाकून शिष्यवृत्तीचे अर्ज आणि अडवलेले दाखले का पाहू नयेत?

त्याचबरोबर शासनाकडे आमची मागणी स्पष्ट असली पाहिजे. ग्रामीण कॉलेजची तुकडी तोडण्याआधी त्या गावात मुलामुलींचे वसतिगृह आहे काय, याची तपासणी व्हावी. वसतिगृह नसेल तर विद्यार्थी कमी असल्याचे कारण ग्राह्य धरू नये. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यातच खात्यात जमा व्हावा. या मागणीसाठी जिल्हाधिकारी कचेरीवर जायचे असेल तर आम्ही सर्वांत पुढे असू.

येत्या जूनमध्ये तुमच्या गावातले एखादे पोर बारावीनंतर घरी बसलेले दिसेल. त्याला कॉलेजचे पत्रक देऊ नका. तो कुठे राहणार आणि काय खाणार, एवढे त्याला विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर त्याच्यासाठी चूल पेटवा.